आदिवासी बाईला सुधरवायचंय? मग हे वाचाच

पावसाळा लागला की तो फोटो मोबाईलवर येतोच. कमरेएवढ्या पाण्यातून चार माणसं डोली घेऊन चाललीयेत, डोली म्हणजे काय तर बांबूला बांधलेली चादर आणि आत कळा सोसणारी बाई, गाव पालघरमधल्या मोखाड्याचं नाहीतर जव्हारचं, फार तर नंदुरबारमधल्या धडगावचं. आणि तुम्हाला वाटतं की आपण यांच्यासाठी कायतरी केलं पाहिजे. वाटू द्या, चांगलंय. फक्त घाईघाईत रस्ता वगैरे मागायला जाऊ नका, आधी अज्ञान हा शब्द पाठ करा. याला टेंडर लागत नाही, पावसात वाहून जात नाही, आणि दरवर्षी नव्याने वापरता येतो.

या विषयातली माणसं सांगतात की बाळंतीण दगावते ती तीन उशिरांनी. घरी ठरवायला उशीर, वाटेत उशीर, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचाराला उशीर. तुम्ही यातला पहिलाच लक्षात ठेवायचा बरं का. पहिल्यात सासू येते, झाडफूक करणारा भगत येतो, अंधश्रद्धा येते, भाषणाला भरपूर माल. दुसऱ्यात बांधकाम खातं येतं, तिसऱ्यात आपलेच साहेब येतात, कशाला उगाच संबंध बिघडवा.

मग जनजागृती करा. पोस्टर छापा, त्यावर सफरचंद, दुधाचा ग्लास आणि गुलाबी साडीतली गोरी गर्भवती हवीच. आमच्याकडे एकदा अशाच पोस्टरखाली एक मॅडम वारली बायकांना हिरव्या पालेभाज्यांचं महत्त्व समजावत होत्या. ज्या बायका टाकळा, कुरडू, लोत, शेवळं डोळे मिटून ओळखतात त्यांना! (याच भाज्या आपण रानभाजी महोत्सवात रांग लावून घेतो आणि कशा करायच्या ते यूट्यूबवर बघतो, ते सोडा.) मागे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, बाई, भाजी हाय, तेल कुठून आणू? मॅडमनी लगेच पुढची स्लाईड लावली. हेच शिकण्यासारखं आहे.

पोस्टर लावलं तरी ते वाचायला बाई पाड्यावर असेलच असं नाही. दिवाळीनंतर कातकऱ्यांची घरंच्या घरं मालकाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पाऊस तोंडावर आला की परत. म्हणजे सहावा महिना, सातवा महिना सगळा मातीत आणि विटांत. तिचं कार्ड गावच्या आशाताईकडे, लोहाच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात, आणि भट्टीजवळची ताई म्हणते ही आमच्या यादीत नाही. तुम्ही रिपोर्टात लिहा, लाभार्थी तपासणीस गैरहजर. वाक्य खरंच आहे की.

पैशाचं पण नीट समजून घ्या. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, पण आईचं वय किमान १८ वर्षं ७ महिने पाहिजे, आधार पाहिजे, आधार जोडलेलं खातं पाहिजे. म्हणजे सोळाव्या वर्षी लग्न होऊन सतराव्या वर्षी पोटुशी राहिलेली, अंगात रक्त नसलेली जी पोरगी सगळ्यात जास्त धोक्यात आहे, तिला काहीच नाही. कायदा मोडलाय ना तिने. जणू मांडव तिनेच घातला होता.

आता समजा इतकं सगळं करून पण बाई रात्री डोलीतून, मग जीपमधून, मग १०८ मधून ग्रामीण रुग्णालयात पोचलीच. इथे आपलं सगळ्यात भारी औषध, रेफर, म्हणजे पुढच्या दवाखान्यात धाडा! याचा साठा कधी संपत नाही. भूलतज्ज्ञ नाही, रेफर. रक्ताची पिशवी नाही, रेफर. मोखाड्याहून नाशिक, जव्हारहून नाशिक नाहीतर सिल्व्हासा, सगळा घाट, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव जोरात असला तर बाईच्या हातात दोनेक तास असतात. तुम्ही हिशोब करत बसू नका. २०११ पासून बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं, जेवण, न्यायची आणि परत घरी सोडायची गाडी सगळं फुकट आहे असा बोर्ड दारातच लावलेला असतो, तो मात्र नीट वाचून घ्या, वाट बघताना वेळ जातो.

आणि हो, बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण, एवढंच धरा. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी लॅन्सेटमध्ये छापलं होतं की गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग आहे आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हे असं विचारायला गेलं की निघतंच, म्हणून विचारू नये. याच लोकांनी पुढे शोधग्रामात, म्हणजे गडचिरोलीतल्या आपल्या केंद्रात, आदिवासींना विचारून झोपड्यांसारखा दवाखाना बांधला, नातेवाईकांना राहायला जागा ठेवली, नाव दिलं त्यांच्याच दंतेश्वरी देवीचं. अशाने लोक दवाखान्यात यायला लागतात हो, मग अज्ञान कुठून आणायचं?

भाषणात आकडा लागेल. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, सगळ्यात कमी मृत्यूंत केरळनंतर आपलाच नंबर, टाळ्या हमखास. कोणी आदिवासींचा वेगळा आकडा विचारला तर तो त्या सरकारी तक्त्यात नसतोच, आणि जो आकडा नाही तो वाढत पण नाही.

राहता राहिला मृत्यूच्या चौकशीचा फॉर्म. बाई रात्री नऊला निघाली, ओढा उतरेपर्यंत बारा, गाडी येईपर्यंत दोन, पहिल्या दवाखान्यातून पुढे पाठवली तेव्हा चार, घाटात उजाडलं. उशीर कुठे झाला, या रकान्यात निळ्या पेनने लिहा, घरी. सहीला आशाताईला बोलवा. ती जरा उशिरा येईल, अजून चपला वाळल्या नसतील, डोलीच्या पुढे बॅटरी धरून तीच चालत होती.