डॉक्टर व्हिडिओवर, रेंज डोंगरावर

'आता डॉक्टर मोबाइलवरच भेटतो' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. भेटतो हो, पण कोणाला? जळगाव एमआयडीसीत ऑफिसात बसणाऱ्याचा पाय मुरगळला, की कंपनीच्या विम्यातून व्हिडिओ कॉल, चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर, गोळ्या घरपोच. आणि कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये ज्याची बोटं गेली, तो सातपुड्यातल्या धडगावकडचा गडी? टाके घातले, मुकादमाने हातावर थोडे पैसे टेकवले, एसटीत बसवलं. झालं!

ई-संजीवनी, म्हणजे सरकारची व्हिडिओवर डॉक्टर देणारी सेवा, 2020 पासून फुकट आहे, मान्य. पण ओटीपी यायला रेंज लागते, आणि सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांवर तिच्यासाठी टेकडी चढावी लागते. फोन घरात एकच, तोही बटणांचा. जमलंच तर बोलायचं काय? ह्या गड्याला पावरी ही आदिवासी बोली येते आणि समोरून विचारतात, 'पेन किती आहे, एक ते दहामध्ये सांगा!' बरं, एकाच धड हाताने फोन धरायचा की पट्टी सोडून जखम दाखवायची?

ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नाव असतं तर घरी बसलेल्या दिवसांचा 90 टक्के पगार तरी मिळाला असता. पण हजेरी मुकादमाच्या वहीत. नाव लागणार कुठून? कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा हक्क कायद्यात 1923 पासून आहेच की. तिथे कामावर होता याचा पुरावा मागतात, आणि मालक सरळ म्हणतो, 'हा आमचा माणूसच नाही.'

वरून दवाखान्यातून सल्ला: पुढची तपासणी ऑनलाइन करा. करा म्हणे!