आवाज वाढवू नका, खाली अक्षरं द्या

काल ताईसोबत वर्धा रोडवरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये हिंदी पिक्चर पाहायला गेलो अन् इंटरव्हललाच उठून आलो, डोकं अजून ठणकून राहिलं आहे. मला दोन्ही कानांना मशीन आहे. तिकीट काढताना सबटायटल्स आहेत का विचारलं तर पोरगा म्हणे, सर आपल्याकडे साउंड एकदम मोठा असतो, टेन्शनच नाही.

अरे बाबा, आवाज मोठा असणं अन् शब्द समजणं यात फरक आहे! आतला कान खराब झाला की हळू आवाज येतच नाही आणि मोठा झाला की एकदम टोचतो, मधे जागाच उरत नाही. मशीन काही डायलॉग निवडून वाढवत नाही, ती बॅकग्राउंड म्युझिकही वाढवते, मागच्याची चिप्सची पिशवीही वाढवते, आणि स, श, फ असे बारीक आवाज तर गायबच. ओठ वाचावे तर हिरो अंधारात पाठ करून बोलून राहिला. दर दोन मिनिटांनी मी ताईला विचारतो "काय म्हणाला?", ती कानाशी येऊन सांगते, समोरचे वळून पाहतात, तिचाही पिक्चर जातो. सगळा हॉल हसून मोकळा झाल्यावर मला जोक कळतो. शेवटी मशीन काढून खिशात ठेवली. तीनशे साठ रुपये देऊन!

मॅनेजर म्हणतो खाली अक्षरं आली की बाकीच्यांना डिस्टर्ब होतं. याच हॉलमध्ये इंग्रजी पिक्चर इंग्रजी सबटायटल्सवर पाहिला आहे मी, तेव्हा कोणीच ओरडलं नव्हतं. आणि पडद्यावर नकोच असतील तर सीटजवळ लावायची छोटी कॅप्शनची स्क्रीन असते, टी-कॉइलवाल्या (म्हणजे सिग्नल पकडणारी छोटी कॉइल आत असलेल्या) मशीनसाठी इंडक्शन लूप, म्हणजे हॉलमध्ये फिरवलेली तार असते, तिने डायलॉग सरळ मशीनमध्ये येतो. यातलं एक नावही त्याने ऐकलेलं नव्हतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, थेटरात कॅप्शन अन् ऑडिओ डिस्क्रिप्शन (न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचं बोलून सांगणं) द्या म्हणून माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या गाइडलाइन्स १५ मार्च २०२४ ला निघाल्या, मोबाइलवर उघडून दाखवल्या तर म्हणे वरून काही आलं नाही.

मग म्हणाला कम्प्लेंट असेल तर कस्टमर केअरला कॉल करा. कॉल! ज्याला समोरचा माणूस नीट ऐकू येत नाही त्याला कॉल करा म्हणतो! ईमेल आयडी मागितला तर तो नाही म्हणे, तोच नंबर कागदावर लिहून दिला.