वॉचमनवर वॉच ठेवायचाय? बोर्ड बसवा

घोडबंदर रोडला राहताय, कमिटीवर निवडून आलाय आणि सिक्युरिटीचं खातं गळ्यात पडलंय? टेन्शन घेऊ नका, अमेरिकेकडे बघा. तिथल्या संसदेची राखण करणाऱ्या कॅपिटॉल पोलिसांवर एक बोर्ड आहे, मतवाले मेंबर तीन. दोन सभागृहांचे दोन सार्जंट ॲट आर्म्स, म्हणजे सभागृहाची सुरक्षा बघणारे अधिकारी, आणि तिसरा म्हणे आर्किटेक्ट, म्हणजे बिल्डिंगचा मेंटेनन्स बघणारा! पोलिस चीफही मीटिंगला बसतो, पण त्याला मत नाही. आपल्याकडे वॉचमनला मीटिंगमध्ये चहापुरतं बोलावतात, तिकडे चीफला निदान खुर्ची मिळते.

फायदा काय? ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांचा जमाव संसदेत घुसत होता आणि चीफ स्टीव्हन संड फोनवर नॅशनल गार्ड, म्हणजे राखीव सैन्य, मागत होते, कारण स्वतःच्या सहीने मागवायची सोयच नव्हती, बोर्डाचा होकार पाहिजे. तो यायला तासाहून जास्त लागला असं संडच सांगतात, पुढे पेंटॅगॉनचा, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याचा, घोळ वेगळा, गार्ड पोचेपर्यंत पाच वाजून गेले. मग चीफ गेले, दोन्ही सार्जंट गेले. आर्किटेक्टची खुर्ची मात्र शाबूत, ती गेली थेट २०२३ ला, सरकारी गाडी घरची असल्यासारखी फिरवल्याचा ठपका आल्यावर. त्यामुळे कमिटीत पद घ्यायचंच तर मेंटेनन्सचं घ्या. (डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलून चीफला गार्ड मागवायचा अधिकार दिला. असले बदल आपल्या सोसायटीत होऊ देऊ नका.)

आणि कागद कोणाला दाखवायचे नाहीत. त्यांचा माहितीचा कायदा कॅपिटॉल पोलिसांना लागूच नाही. आपणही मागे नाही हां, डिसेंबर २०२३ ला लोकसभेत पिवळा धूर झाला, मे २०२४ मध्ये संसद सीआयएसएफकडे गेली, आणि सीआयएसएफला आरटीआयमधून सूट, भ्रष्टाचार आणि मानवाधिकाराचं प्रकरण असेल तेवढंच विचारा.

रजिस्टर मात्र ठेवा, दिसायला बरं दिसतं. आमच्या गेटवर आहे, सुतळीला बांधलेलं पेन, रिफिल संपलेली. परवा एकाने 'कोणाकडे' मध्ये लिहिलंय 'वरती' आणि 'काम' मध्ये 'आहे'. त्याच दिवशी माझ्या मुलाची सायकल गेली. फुटेज मागितलं तर सेक्रेटरी म्हणाले लेखी द्या, कमिटीपुढे ठेवतो, आणि तसाही तो कॅमेरा चेअरमनसाहेबांच्या गाडीवर लावलाय. दिला अर्ज. पोच मागितली तर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. कोणाकडे? वरती. काम? आहे.