ग्रेस बम्ब्रीने 'मेझोच राहायला हवं होतं' म्हणे!

अमेरिकन ऑपेरा गायिका ग्रेस बम्ब्रीचं नाव निघालं की ऑपेरा ऐकणारे लोक दोनच गोष्टी बोलतात, एक तर बायरॉइट (जर्मनीतला वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव) आणि दुसरं म्हणजे 'उगाच सोप्रानो व्हायला गेली, मेझोच राहायला हवं होतं' (सोप्रानो म्हणजे बायकांचा सगळ्यात वरच्या पट्टीचा आवाज, मेझो त्याच्या जरा खालचा). बायरॉइटचं ठीक आहे, ते मोठंच होतं. पण हे दुसरं ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

1937 चा जन्म, अमेरिकेतलं सेंट लुईस, वडील रेल्वेत मालाची चढउतार करायचे, आई शिक्षिका. सतराव्या वर्षी पोरीने रेडिओवरची स्पर्धा जिंकली, बक्षिसात तिथल्याच एका संगीत संस्थेची स्कॉलरशिप होती आणि संस्थेने काय केलं, तर काळी आहे म्हणून प्रवेशच नाकारला. वर म्हणे, हवं तर बाकीच्यांपासून वेगळं बसवून शिकवू. आईने साफ नाही म्हटलं. या आईबद्दल फार कुणी लिहीत नाही, पण मला वाटतं ग्रेसचा सगळा ताठ कणा तिथूनच आलाय. पुढे एका टॅलेंट शोमध्ये ती व्हर्दीच्या 'दॉन कार्लो'मधलं 'ओ दॉन फाताले' गायली, म्हणजे भल्याभल्या मेझोंना घाम फोडणारं गाणं, तेही त्या वयात! मग बॉस्टन, नॉर्थवेस्टर्न, आणि शेवटी कॅलिफोर्नियात लोट्टे लेमानसारखी गुरू.

1960 मध्ये पॅरिस ऑपेरात व्हर्दीच्या 'आयदा'मधली राजकन्या आम्नेरिस म्हणून पदार्पण आणि पुढच्याच वर्षी बायरॉइट. संगीतकार वाग्नरचा नातू वीलांड वाग्नरने आजोबांच्या 'टानहॉयझर'मध्ये तिला व्हीनस दिली, तोवर तिथे एकही कृष्णवर्णीय गायक उभा राहिला नव्हता, निषेधाची पत्रं आली, पेपरात आरडाओरडा झाला. वीलांडचं म्हणणं एवढंच की आजोबांनी कातडीच्या रंगासाठी नाही, आवाजाच्या रंगासाठी लिहिलंय. चोवीस वर्षांची होती ती. टाळ्या अर्धा तास चालल्या, 42 वेळा तिला पडद्यासमोर यावं लागलं. 1962 मध्ये तर केनेडींच्या व्हाइट हाऊसमध्ये गायली.

आता मुद्द्यावर येते. मेझोचा आवाज सोप्रानोपेक्षा थोडा खाली वावरतो, वरचे सूर तिलाही लागतात पण मुक्काम मधल्या पट्टीत. प्रश्न वरच्या एकदोन सुरांचा नसतोच, तासन् तास कुठल्या पट्टीत राहायचं याचा असतो. आणि बम्ब्रीचा आवाज पहिल्यापासून सीमेवरचा होता, लेमान तिला मेझो मानायची आणि तिचा दुसरा शिक्षक तोकात्यान म्हणायचा ही सोप्रानो आहे. म्हणजे गुरूंचंच एकमत नव्हतं, आणि आपण 'तिने आवाजाशी खेळ केला' म्हणून मोकळे!

त्यात भूमिका बघा ना मेझोच्या. कारमेन आणि दलीला सोडल्या तर बहुतेक वेळा प्रेमात हरलेली राजकन्या, नाहीतर म्हातारी आई, चेटकीण, नाहीतर मुलाच्या कपड्यातली पोर. भूमिका जबरदस्त आहेत, 'दॉन कार्लो'मधल्या एबोलीसाठी (तेच 'ओ दॉन फाताले' गाणारी) मी जीव टाकते, 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, म्हणजे मेटमध्येसुद्धा ती एबोली म्हणूनच आली. पण 'आयदा'मध्ये वर्षानुवर्षं आम्नेरिस होऊन दुसरीच्या नावाचा ऑपेरा गायचा, आणि आपल्या गळ्यात ती दुसरीही आहे हे माहीत असताना? 1970 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनला तिने सालोमे केली, मग टोस्का, पुढे आयदाही गायली, या सगळ्या सोप्रानोच्या मुख्य भूमिका, 'नॉर्मा'मध्ये तर नॉर्मा आणि अदालजिसा दोन्ही. असं करणाऱ्या किती जणी आहेत?

वरचे सूर कधीकधी जोर लावून काढलेले वाटतात, हे मान्य. मधल्या पट्टीतली ती गडद, मखमली गोलाई सोप्रानो भूमिकांत कमी ऐकू येते हेही मान्य, मला स्वतःला तिची एबोली टोस्कापेक्षा जास्त आवडते. पण माझी आवड म्हणजे तिच्या करिअरचा नियम नाही ना. आवाज खरंच नासला असता तर 1990 मध्ये पॅरिसच्या नव्या बास्तीय ऑपेराच्या 'ले ट्रोयां'मध्ये कासांद्र म्हणून कोण उभं करेल हो तिला? तिथे शर्ली व्हेरेट दिदों होती, तीसुद्धा मेझो-सोप्रानो दोन्हीकडे फिरलेली, आणि तिलाही हेच टोमणे. 2013 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, बम्ब्री व्हिएन्नात चायकोव्हस्कीची म्हातारी काउंटेस गायली.

1985 मध्ये मेटने 'पोर्गी अँड बेस' पहिल्यांदा केला तेव्हा त्यातली कृष्णवर्णीय नायिका बेस करायची तिची इच्छा नव्हती, इतकं पुढे आल्यावर पुन्हा त्याच जुन्या चौकटीत जायचं का, असं ती उघड म्हणाली होती. तरी केली, आणि दणक्यात केली. कातडी असो की गळा, लोकांनी ठरवून दिलेल्या खणात बसायचं नाही हा तिचा हट्ट सगळीकडे एकच आहे, फक्त एका ठिकाणी आपण टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाक मुरडतो.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी सोल्तीचं 1965 चं 'दॉन कार्लो' लावा, आधी एबोलीचं बुरख्याचं हलकं, नाचरं गाणं आणि मग 'ओ दॉन फाताले', दोन्ही एकाच गळ्यातून. त्यानंतर तिची एखादी लाइव्ह टोस्का. आणि मग बोलू, कमेंटमध्ये भांडायला मी आहेच.