डायनोवर गेलेल्या वेळेबाबत आमचे म्हणणे

नमस्कार. टर्बो गाडीच्या ट्यूनिंगसाठी आपल्याला आमच्या डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) दिवसभर थांबावे लागले आणि तरीही ताकदीचा मनातला आकडा मिळाला नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र ‘दोन तासांचे काम मुद्दाम लांबवून बिल वाढवले’ हे आपल्या अभिप्रायातले वाक्य फार जिव्हारी लागले. ते वाचून नवा ग्राहक दारातूनच परत फिरेल, म्हणून त्या दिवशी वेळ कुठे गेला हे सविस्तर लिहिणे आम्हाला भाग आहे.

वेळ ठरवताना आपण सांगितले होते, की सगळे पार्ट नवे आहेत आणि फक्त मॅप (इंजिनाला किती इंधन, किती बूस्ट आणि ठिणगी कधी हे ठरवणारी सेटिंग) करून हवा आहे. प्रत्यक्षात पहिल्याच रनमध्ये बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ठरलेल्या पातळीला पोहोचेना. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपमध्ये हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी मारले, तेव्हा थ्रॉटलजवळच्या सिलिकॉन होसच्या खालच्या बाजूने फेस येऊ लागला. क्लॅम्प अगदी कडेवर आवळलेला होता आणि आत तेलाचा थर होता, त्यामुळे दाब वाढला की होस सरकत होता. तो काढून, पुसून, पुन्हा नीट बसवला आणि त्या कामाचा एक पैसाही बिलात धरला नाही. आपल्या अभिप्रायात याचा उल्लेख नाही, याचे वाईट वाटले.

उरलेला वेळ इंधनाच्या दाबाने खाल्ला. पेट्रोल इंजिनात साध्या चालीला हवा-इंधनाचे प्रमाण (एक भाग पेट्रोलला हवेचे किती भाग) 14.7 च्या आसपास असते, पण टर्बोवर पूर्ण लोड आला की ते साधारण 11.5 ते 12 पर्यंत खाली ठेवावे लागते. आपल्या गाडीत वरच्या आरपीएमला ते 13 च्या पुढे जात होते, कारण बूस्टबरोबर इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब वाढायला हवा असताना तो उलट घसरत होता. इंजेक्टर जवळजवळ पूर्ण वेळ उघडे राहत होते, तरी पंपाकडून तेवढे पेट्रोलच येत नव्हते. अशा लीन (पेट्रोल कमी पडलेल्या) मिश्रणावर बूस्ट आणि ठिणगीचे टायमिंग वाढवून आकडा काढता आला असता, पण मग नॉकिंगने (मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांनी) पिस्टन फुटल्यावर दोष कोणाला दिला गेला असता? म्हणून बूस्ट उतरवून सुरक्षित मॅप दिला. रनच्या नोंदींचा लॉग समोर ठेवून हे आपल्याला दाखवले होते आणि आपण होकारही दिला होता. आपण तुलनेला घेतलेला मित्राच्या गाडीचा आकडा दुसऱ्या डायनोवरचा आहे. करेक्शन (हवामानानुसार आकड्यात केलेली दुरुस्ती) आणि मोजण्याची पद्धत वेगळी असली, की असे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

तपासणीचा आणि ट्यूनिंगचा वेळ आधीच वेगळा सांगण्याच्या दृष्टीने आम्ही बदल करत आहोत. आपण पंप बदलून गाडी आणावी, वरच्या आरपीएमचा मॅप आम्ही वेगळे पैसे न घेता पूर्ण करून देऊ. ‘मुद्दाम’ हा शब्द तेवढा मागे घ्यावा, ही विनंती.