प्रतिक्रियेला उत्तर : मौलानांचं इथे काय काम?

‘दाभोलकरांच्या साताऱ्यात राहता आणि बहिणीच्या मानसोपचारात मौलानांना घेता? अंधश्रद्धेला प्रतिष्ठा मिळवून देताय,’ असं तुम्ही मागच्या लेखावर लिहिलंत. प्रतिक्रिया दोनदा वाचली.

तुमचा राग रास्त आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्यानं आणून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. साखळ्यांनी बांधलेले, पळणार कुठे? जिन उतरवतो म्हणून कुणी माणसाला बांधत असेल, मारत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार करायला मी तुमच्याबरोबर येईन.

पण बहिणीला होता ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार. वजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं, करताना कोपर कोरडं राहिलं असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. फजरला, पहाटेच्या नमाजाला, उठलेली ती उजाडेपर्यंत मोरीतच. पिंप तळाला गेलेलं, बोटांची सालं निघालेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थेरपी सुरू केली : शंका आली तरी पुन्हा धुवायचं नाही. ती म्हणायची, ‘पण माझी नमाज कबूल झाली नाही तर?’

याचं उत्तर डॉक्टर देऊ शकत नव्हते. मौलानांनी दिलं. वजूत अवयव फार तर तीनदा धुवायचे, त्यापुढे जाणं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, चूकच सांगितलंय. शंकेनं खात्री मोडत नाही, हा तर फिकहचा, इस्लामी धर्मशास्त्राचा, जुना नियम. अशा शंकांना वसवसा म्हणतात, त्यांच्या मागे लागायचं नसतं.

तरी घोळ झालाच. ती रोज त्यांना फोन करायला लागली, ‘माझा वजू झाला ना?’ ते बिचारे रोज ‘झाला, बेटी’ म्हणायचे. हे डॉक्टरांनी पकडलं. सारखा दिलासा मागणं हाही त्याच आजाराचा भाग, प्रत्येक ‘झाला’नं शंका आणखी पोसते. ते स्वतः मशिदीत जाऊन मौलानांशी बोलले. त्यानंतर उत्तर एकच, ‘एकदा सांगितलंय, बेटी,’ आणि फोन बंद. पहिला आठवडा ती नुसती रडत होती. मलाही मौलानांचा राग आला होता.

गोळ्या आजही चालू आहेत. रमजानमध्ये त्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलल्या. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुरआनातच आहे, हे तिला मौलानांनी आधीच बजावलं होतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, मौलाना नसते तर ती बरी झाली नसती का? झालीही असती. पण कदाचित नमाज सोडून. ते तिला नको होतं.