माझ्या आईचं ‘मले’ चुकीचं नाही

‘शुद्ध मराठी वाचवा’ असा एक संदेश पंधरा दिवसांत मला चार ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय: खरी मराठी पुण्याची, विदर्भातली हिंदीने बिघडलेली. ‘आलू’ म्हणू नका, ‘बटाटा’ म्हणा. ‘डोळ्या’ला ‘डोया’ म्हणणं हा जिभेचा आळस. ‘मले-तुले’ ही अडाण्यांची बोली. आणि शेवटी ठळक अक्षरांत: लहान मुलांसमोर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असं बोलू देऊ नका, मुलांची भाषा कायमची बिघडते.

पहिले दोन ग्रुप मी सोडून दिले. तिसरा आमच्या घरचा होता. तिथं तो माझ्या वहिनीनं वाचला आणि मनावर घेतला. माझी पुतणी सात वर्षांची आहे. आई नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडची, वय अठ्ठ्याहत्तर. परवा दुपारी ती पोरीला गोष्ट सांगत होती, “एका गावात एक म्हतारी राहे, तिले तीन लेकरं होते...” पोरगी मधेच म्हणाली, “आजी, तिले नाही, तिला म्हण. तू चुकीचं बोलते.” आई थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “जाय, टीव्ही पाय.” तेव्हापासून नात समोर असली की ती हो-नाहीच्या पुढं जात नाही.

म्हणून शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

आजीचं ऐकून मुलांची भाषा बिघडत नाही. गोष्टी, म्हणी, ओव्या, नात्यांची नावं, पिकांची नावं हे सगळं मूल तिच्याच तोंडून शिकतं. शाळेत ‘मला’ लिहायचं आणि घरी ‘मले’ म्हणायचं, हे विदर्भातल्या कितीतरी पिढ्यांनी केलंय आणि त्यातूनच शिक्षक, वकील, संपादक झालेत. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून, मातृभाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिकवा म्हणतं. घरची भाषा म्हणजे त्या घरात बोलतात ती.

आणि हा वाद काही आजचा नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथात हाच प्रश्न आला होता. केशोबास संस्कृतचे पंडित, त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं असं, की अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. ज्या बायाबापड्यांना संस्कृत कळत नाही त्यांच्या हातून धर्मच निसटेल, म्हणून त्यांच्या भाषेत लिहा. ज्या मराठीचा हे लोक अभिमान सांगतात तिच्या पहिल्या गद्य ग्रंथाचं, म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’चं, गावही आमचंच. अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. साल साधारण 1278. राज्य सरकारनं मराठी भाषा विद्यापीठासाठी तेच गाव निवडलं. आजची वऱ्हाडी जशीच्या तशी त्या ग्रंथात आहे असं मी म्हणत नाही. पण मराठी गद्य जिथं जन्मलं त्या मुलखातल्या म्हातारीला ‘तुझी मराठी खोटी’ म्हणायचं, हे धाडस येतं कुठून?

आता ‘आलू’. हा मुद्दा लिहिणाऱ्यानं एकदा तरी शब्दकोश उघडायला हवा होता. ‘बटाटा’ पोर्तुगिजांबरोबर आला. ‘पाव’, ‘चावी’, ‘पगार’ही तिकडचेच. ‘आलू’चं मूळ मात्र संस्कृत ‘आलु’ म्हणजे कंद. म्हणजे शुद्धतेच्या नावाखाली आमच्या स्वयंपाकघरातून संस्कृतातून आलेला शब्द काढायचा आणि पोर्तुगीज शब्द बसवायचा! आमच्याकडं कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात, त्यावरही हसणारे भेटतात. सांबारवडी खाताना मात्र कुणी हसत नाही.

‘डोया’बद्दल एवढंच, की ‘हस्त’चा ‘हात’ आणि ‘कर्म’चं ‘काम’ झालं म्हणून तर मराठी झाली. तिथं उच्चार बदलला तर भाषेचा विकास आणि इथं बदलला तर आळस?

हिंदीचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करतो. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, कारभारात हिंदी होती, बाजारात आजही आहे. आम्ही मराठी माणसंच एकमेकांशी विनाकारण हिंदीत सुरू होतो, ते मलाही खटकतं. पण फारसी-अरबीतून आलेले ‘सरकार’, ‘जमीन’, ‘कागद’, ‘अर्ज’ चालतात आणि शेजारच्या हिंदीतला शब्द आला की बाटलो, हा न्याय नाही.

पुण्याकडची मराठी प्रमाण झाली याला कारण शुद्धता नाही. छापखाने, शाळाखातं, मोल्सवर्थचा 1831 चा मराठी-इंग्रजी कोश, थॉमस कँडी या इंग्रज साहेबाची पाठ्यपुस्तकं, सगळं इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, आणि पुणं त्यातच. नागपुरात तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. आम्ही मुंबई राज्यात आलो 1956 साली. प्रमाणभाषा सोयीसाठी असते, मी स्वतः हे तिच्यातच लिहितोय. तिला सोवळं नेसवून माणसं मोजायला बसलं की गडबड होते. आपला गट केंद्रस्थानी धरून बाकीच्यांना त्याच मापानं मोजण्याच्या या वृत्तीचं वर्णन अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम समनर यांनी 1906 सालीच करून ठेवलंय.

आणि नागपूरकरही यातून सुटत नाहीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचा पोरगा झाडीबोलीत बोलला की आपणच त्याला ‘झाडपट्टीतला’ म्हणून चिडवतो. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक मंडळींची नाटकं त्याच मुलखात रात्र-रात्र चालतात, पण ती भाषा आपल्याला गावंढळ वाटते. हे शहर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं. त्याच शहरात गोंडी बोलणाऱ्याला बसमध्ये आवाज खाली करावा लागतो.

काल रात्री पुतणीला घेऊन आईच्या खोलीत गेलो. म्हटलं, “आई, त्या म्हतारीचं पुढं काय झालं?” आईनं नातीकडं पाहिलं. “एका गावात एक म्हातारी राहत होती,” ती सावकाश म्हणाली, “तिला...” आणि तिला पुढचा शब्द सापडेना.